वाचकांचे प्रश्न : साइडबॉटम या आडनावाचा उगम

प्रश्न : इंग्लंडकडून खेळलेला डावखुरा वेगवान गोलंदाज रायन साइडबॉटम याचे नाव समालोचनात आले की आमच्या घरात हशा पिकत असे. थोडेफार इंग्रजी येणाऱ्यालाही ‘बॉटम’चा अर्थ ठाऊक असतो. एखाद्या कुटुंबाने असले आडनाव लावायला सुरुवात तरी कशी केली असेल? ते कोणी चेष्टेने पाडलेले नाव असावे का?

उत्तर : नाव पडले तेव्हा त्यात चेष्टा नव्हती, ती पुष्कळ नंतर त्याला येऊन चिकटली. हा घोटाळा कसा झाला ते मराठीतल्या ‘बूड’ या शब्दावरून चटकन लक्षात येईल. भांड्याला बूड असते, झाडाला बूड असते आणि दमलेला माणूसही मिळेल तिथे बूड टेकतो. शब्द एकच, पण भांड्याचे बूड म्हणताना कोणाला हसू फुटत नाही. इंग्रजी शब्दाचेही तसेच आहे. १०६६ च्या नॉर्मन स्वारीपूर्वी इंग्लंडात जी जुनी इंग्रजी बोलली जात होती, तिच्यात ‘बोट्म’ म्हणजे तळ, आणि जमिनीविषयी बोलताना दोन डोंगरांमधला सखल, सपाट, बहुधा ओलसर दरीतळ. माणसाच्या बसण्याच्या भागासाठी हा शब्द वापरल्याचे लेखी दाखले अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७९० च्या दशकात मिळू लागतात. तोवर ‘बॉटम’ने संपणारी आडनावे चार-पाचशे वर्षे वापरात होती आणि त्यांच्याकडे पाहून हसण्याचे कोणाला काही कारण नव्हते.

नावाचा पूर्वार्धही आपण समजतो तसा नाही. येथे ‘साइड’ म्हणजे बाजू नव्हे. जुन्या इंग्रजीत ‘सीद’ असे एक विशेषण होते आणि त्याचा अर्थ रुंद, ऐसपैस असा होता. ते पुढे रोजच्या भाषेतून गेले, पण जागांच्या नावांत टिकून राहिले. तेव्हा साइडबॉटम म्हणजे ‘रुंद दरीतळ’. चेशायर काउंटीच्या पूर्व भागातल्या एका लहानशा जागेचे हे नाव होते आणि तिथल्या माणसांवरून ते आडनाव झाले. मराठीत गावाच्या नावाला ‘कर’ जोडावा लागतो, इंग्रजीत मात्र असा प्रत्यय लागत नाही. मध्ययुगीन दस्तऐवजांत माणसाचे नाव आणि जागेचे नाव यांच्यामध्ये ‘चा’ या अर्थी फ्रेंच-लॅटिन ‘द’ लिहिलेला असे. पुढे तो गळाला आणि जागेचे नाव उघडेच माणसाला चिकटून राहिले. असे नाव बहुधा ती जागा सोडून आलेल्या माणसालाच पडते, हेही ध्यानात घ्यावे. दरीतच राहणाऱ्याला ‘दरीतला’ म्हणून त्याची ओळख पटत नाही, कारण तिथे सगळेच दरीतले असतात. दुसऱ्या गावी वस्तीला गेल्यावर मात्र तेवढी एक खूण पुरते.

नॉर्मन स्वारीनंतर प्रथम जमीनदार घराण्यांनी वंशपरंपरागत नावे धरली आणि पुढच्या तीनशे वर्षांत ती चाल हळूहळू कारागीर, कुळे आणि मजूर यांच्यापर्यंत झिरपली. दक्षिणेपेक्षा उत्तर इंग्लंडात याला अधिक वेळ लागला. करवसुलीच्या याद्या, जमिनीचे व्यवहार आणि १५३८ पासून प्रत्येक चर्चने ठेवायच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदवह्या यांमुळे एकदा लिहिले गेलेले नाव बदलणे अवघड होत गेले.

प्रश्न : इंग्लंडात ‘बॉटम’ने संपणारी आणखी आडनावे आहेत का? त्यांचेही अर्थ असेच निघतात का?

उत्तर : आहेत, आणि या प्रश्नासाठी वाचकांचे आभार मानले पाहिजेत, कारण साइडबॉटमची खरी गंमत त्याच्या भावंडांमध्ये बसवून पाहिल्यावरच कळते. पेनाइन डोंगररांगेच्या दोन्ही अंगांना, म्हणजे लँकेशायर, पूर्व चेशायर, पश्चिम यॉर्कशायर आणि डर्बीशायरचा डोंगराळ कोपरा एवढ्या टापूत या आडनावांची दाटी आहे. पाऊस भरपूर, डोंगरमाथे उघडे आणि ओसाड, लहान लहान नद्यांनी कापलेल्या दऱ्या. वस्ती करायची ती दरीच्या तळाशीच. अशा मुलखात माणसांना दरीतळांची नावे मिळाली नसती तरच नवल.

रॅम्सबॉटम हे बरी शहराच्या उत्तरेचे एक गाव. त्याच्या नावात मेंढा आहे की रानलसूण, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही, कारण जुन्या इंग्रजीत या दोहोंचे शब्द जवळजवळ सारखे होते. मला स्वतःला रानलसणाचा पक्ष आवडतो, कारण ओल्या, सावलीच्या दरीतळात ती वसंतात अमाप उगवते. पण आवड म्हणजे पुरावा नव्हे. विंटरबॉटम म्हणजे हिवाळ्यात गुरे चारायची दरी. १९४६ ते १९६२ या काळात इंग्लंडच्या फुटबॉल संघाचे पहिले व्यवस्थापक असलेले वॉल्टर विंटरबॉटम हे लँकेशायरमधल्या ओल्डहॅमचे, म्हणजे याच टापूतले. लाँगबॉटम म्हणजे लांब दरी, रोबॉटम म्हणजे खडबडीत दरी.

यांतल्या दोन नावांची मोडतोड तर पाहण्यासारखी आहे. शफलबॉटम हे नाव ऐकून कोणाला वाटेल की पाय ओढत, ढुंगण हलवत चालणाऱ्या माणसाला ते पडले असावे. मूळ जागा बरीजवळचे शिपरबॉटम. तेराव्या शतकातल्या नोंदींत तिचे रूप ‘शिपेवालेबोथेम’ असे काहीसे आहे आणि अर्थ आहे ‘मेंढ्यांच्या झऱ्याची दरी’. झरा हा शब्द बोलीतून हरवला, उरलेले अक्षर कोणाला उमगेना, मग लोकांनी कानाला ओळखीचा वाटणारा ‘शफल’ तिथे बसवून दिला. हिगिनबॉटमचेही असेच: बोल्टनजवळची ओकनबॉटम ही जागा, तिच्या नावात ओक किंवा रोवन यांपैकी एक झाड, लोकांनी त्याचे ‘हिगिन’ हे माणसाचे नाव करून टाकले. अर्थ हरवलेल्या शब्दाला नवा अर्थ चिकटवायची लोकांची ही सवय लक्षात घेतली, तर ‘साइड’ची बाजू आणि ‘बॉटम’चे ढुंगण का झाले याचे कोडे उरत नाही.

प्रश्न : काही जण हेच आडनाव ‘साइडबोथम’ असे लिहितात. लोकांच्या हसण्याला कंटाळून त्यांनी ते बदलले असावे, असे माझ्या एका मित्राचे म्हणणे आहे. इयान बोथमच्या आडनावाशी याचा काही संबंध आहे का?

उत्तर : आपल्या मित्राचा तर्क सरसकट लागू होत नाही. ‘बोथम’ हे उशिरा केलेले सोवळे रूप नाही, ते त्या भागातल्या बोलीचे जुने रूप आहे. जुन्या इंग्रजीतच या शब्दाची ‘ट’ आणि ‘थ’ अशी दोन रूपे असावीत, आणि वायव्य इंग्लंडात ‘थ’चे रूप जोरात होते. वर आलेले ‘शिपेवालेबोथेम’ पाहा, किंवा १३२४ मधली रॅम्सबॉटमची ‘रोम्सबोथम’ ही नोंद पाहा. दोन्हींत ‘थ’ आहे. तेव्हा कोणाला लाज वाटण्याचे कारणच नव्हते. पुढे प्रमाण इंग्रजीचा ‘ट’ लेखनिकांच्या हातून घुसला आणि एकाच घरातले दोन भाऊ दोन तऱ्हांनी नाव लिहू लागले. विसाव्या शतकात काही सुशिक्षित कुटुंबांनी मुद्दाम ‘थ’ जवळ केला, तर काहींनी त्याहून पुढे जाऊन ‘सिडिबोटोम’ असा काहीसा फ्रेंच वळणाचा उच्चार रूढ करू पाहिला, हे खरे. या उच्चाराची तर इंग्लंडात उघड थट्टा होते. म्हणजे थट्टा चुकवायला केलेल्या उपायाचीच अधिक थट्टा झाली.

बोथम हा त्याच शब्दाचा नुसता, विशेषणाविना उरलेला अवतार आहे: दरीत राहणारा तो बोथम. इयान बोथम यांचा जन्म १९५५ चा, चेशायरमधल्या हेसवॉलचा. ज्याच्या आडनावाला कोणी हसत नाही आणि ज्याच्या आडनावाला सगळे हसतात, असे इंग्लंडचे हे दोन गोलंदाज अर्थाने पाहिले तर एकाच दरीत उभे आहेत.

प्रश्न : हे आडनाव मुख्यतः कोठे आढळते? आणि ते लावणारे सगळे एकाच पूर्वजाचे वंशज मानावेत का?

उत्तर : इंग्लंडातल्या आडनावांचा भूगोल पाहायचा तर अभ्यासक १८८१ ची जनगणना हाती घेतात. इंग्लंड आणि वेल्सच्या सुमारे २ कोटी ६० लाख लोकांची ही नोंद पुढे स्वयंसेवकांनी नावानिशी उतरवून काढली, त्यामुळे कोणते नाव कोणत्या भागात किती दाट होते याचे नकाशे काढता येतात. स्मिथसारखे नाव त्या नकाशावर सगळीकडे पसरलेले दिसते, कारण लोहार गावोगाव होते. साइडबॉटम मात्र चेशायर आणि लँकेशायरच्या सीमेवर, स्टॉकपोर्ट, हाइड, स्टेलीब्रिज आणि ॲश्टन या गावांभोवती दाटते. टेम आणि गॉइट या नद्या स्टॉकपोर्टला मिळून मर्सी नदी होते, आणि त्याआधी एथराव नदी गॉइटला मिळते. एवढ्या चार नद्यांच्या खोऱ्यांत या आडनावाचा बहुतेक इतिहास घडला. ब्रिटनमध्ये आज पाच लाखांहून अधिक स्मिथ आहेत. साइडबॉटम त्यांच्या पासंगालाही पुरणार नाहीत.

इतका काळ ही माणसे एका जागी राहिली त्याचे एक कारण कापूस. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून या नद्यांच्या पाण्यावर सूतगिरण्या उभ्या राहिल्या. डोंगरातल्या माणसाला पोटासाठी दूर जावे लागले नाही, गिरणीच दारात आली. एवढेच नव्हे, तर काही गिरण्या साइडबॉटम घराण्याच्याच मालकीच्या होत्या. एथरावच्या काठी ब्रॉडबॉटम नावाचे गाव आहे आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिथे या घराण्याने मोठी गिरणी उभारली. ‘ब्रॉड’ म्हणजे रुंद, तेव्हा ब्रॉडबॉटम म्हणजेही रुंद दरीतळ. ‘सीद’ हे विशेषण विसरले गेले नसते, तर मालकाचे आणि गावाचे नाव एकच आहे हे कामगारांच्याही ध्यानात आले असते. याच घराण्यांतून पुढे खासदार निघाले: टॉम हॅरप साइडबॉटम यांनी स्टेलीब्रिजचे, तर विल्यम साइडबॉटम यांनी डर्बीशायरच्या हाय पीकचे प्रतिनिधित्व केले, आणि दोघेही १९०० पर्यंत संसदेत होते. रायनचे वडील आर्नी साइडबॉटम यांनी १९८५ मध्ये ट्रेंट ब्रिजवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध एक कसोटी खेळली आणि त्याआधी ते मँचेस्टर युनायटेडकडून फुटबॉलही खेळले. ते यॉर्कशायरमधल्या बार्न्सलीचे, म्हणजे नावाने डोंगर ओलांडला, पण पायथा सोडला नाही.

सगळे एकाच पूर्वजाचे का, याला थेट ‘होय’ म्हणता येणार नाही. एकाच जागेतून दोन निरनिराळी, एकमेकांशी नाते नसलेली कुटुंबे बाहेर पडली, तर दोघांनाही तेच नाव पडते. मात्र वडिलांकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र आडनावाच्याच वाटेने चालत असल्याने अलीकडे ही गोष्ट तपासता येऊ लागली आहे. २००० साली आनुवंशिकीचे अभ्यासक ब्रायन साइक्स यांनी स्वतःच्या आडनावाच्या ४८ पुरुषांची तपासणी केली. साइक्स हेही याच टापूतले, ‘ओहोळ’ अशा अर्थाचे नाव; ओहोळ जागोजागी असतात, तेव्हा मूळ पुरुषही अनेक असणार असा समज होता. प्रत्यक्षात त्यांच्यापैकी निम्म्याला थोडे कमी पुरुष एकाच वंशाचे निघाले. पुढे २००९ मध्ये लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० आडनावांच्या १,६७८ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्मिथांमध्ये परस्परांशी काही विशेष नाते आढळले नाही, तर ॲटनबरो या विरळ नावाच्या दहांपैकी जवळजवळ नऊ पुरुषांचे गुणसूत्र एकाच प्रकारचे होते. आडनाव जितके विरळ, तितकी भाऊबंदकीची शक्यता अधिक, असा या अभ्यासाचा रोख आहे. दत्तक गेलेली मुले, आईचे नाव लावलेली मुले आणि घरात कोणी न बोललेल्या गोष्टी यांनी हा हिशेब अधूनमधून चुकतो.

प्रश्न : अशी आडनावे आता नाहीशी होत आहेत का?

उत्तर : काही घटली आहेत. २००९ साली किंग्ज कॉलेज लंडनचे रिचर्ड वेबर यांनी १८८१ च्या आणि अलीकडच्या संख्यांची तुलना केली, तेव्हा शफलबॉटमच्या कुळात सुमारे ४० टक्क्यांची घट दिसली, देशाची लोकसंख्या त्याच काळात कितीतरी वाढलेली असतानाही. इंग्लंडात नाव बदलण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, तेव्हा ज्यांना शाळेतले हसणे सोसवले नाही त्यांनी ते सोडून दिले.

लाज नसली तरी विरळ नाव मरू शकते, कारण एखाद्या पिढीत सगळ्या मुलीच झाल्या की ती शाखा संपते. हा प्रश्न इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७३ साली एका शैक्षणिक नियतकालिकाच्या प्रश्नांच्या सदरात, म्हणजे थेट अशाच एका स्तंभात, गणिती कोडे म्हणून विचारला होता. हेन्री वॉटसन या धर्मगुरूंनी त्याचे उत्तर शोधले आणि काळाच्या ओघात प्रत्येक आडनाव नष्ट होणारच, असा निष्कर्ष काढला. तो चुकीचा होता; प्रत्येक पुरुषामागे सरासरी एकाहून अधिक मुलगे असतील, तर काही नावे कायमची टिकू शकतात, हे पुढच्या गणितज्ञांनी दाखवून दिले.