घर विचारा : मालकाने अर्धवट सोडलेली खोली

प्रश्न : आम्ही तिघे नोकरीनिमित्त पुण्यात वाकडला दोन बेडरूमचा फ्लॅट भाड्याने घेऊन राहतो. एक बेडरूम (10 × 12 फूट) बांधकामापासून तशीच पडून आहे. भिंतींना नुसता रेतीचा गिलावा, खाली उघडा कोबा, भिंतीत पाइप आहेत पण वायरी नाहीत. मालक म्हणतात, "तुम्हीच करून घ्या, भाड्यात वळते करू." सुरुवात कुठून करावी? माल किती लागेल?

उत्तर : सुरुवात मालकाचे हे बोलणे कागदावर आणण्यापासून करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999च्या कलम 55प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. त्या कराराला जोडून एका पानावर लिहून घ्या : कोणते काम, खर्चाची कमाल मर्यादा, दर महिन्याला भाड्यातून किती वळते होणार आणि मुदतीआधी घर सोडावे लागले तर उरलेल्या रकमेचे काय. खोलीचे आजचे फोटो सोबत जोडा, नाहीतर जुनी भेग दाखवून उद्या तुमच्याच डिपॉझिटला कात्री लागेल. सोसायटीलाही लेखी कळवा. कामाच्या वेळा, लिफ्टमधून गोण्या नेण्याचे नियम आणि राडारोडा टाकायची जागा आधीच विचारून घ्या.

पैसे कशात घालायचे याला आमचा एकच निकष आहे. जे भिंतीत गाडले जाते त्याचा खर्च मालकाचा. जे उचलून नेता येते ते तुमचे. वायरिंग, पुट्टी, प्रायमर भाड्यात वळते व्हायलाच हवे. पंखा, दिवे, पडदे, सुटे अंथरलेले फ्लोअरिंग स्वतः घ्या आणि जाताना न्या. टाइल्स बसवायचा मोह टाळा. त्या काढून नेता येत नाहीत, वर उंबऱ्याची उंची बदलते आणि दार घासू लागते.

पहिले काम वायरिंगचे, तेही परवानाधारक वायरमनकडूनच. पुट्टी झाल्यावर वायरमन आला तर नवी भिंत फोडूनच तो काम करणार. आधी रिकाम्या पाइपांत स्प्रिंग (वायर ओढायची लवचीक तार) घालून ते मोकळे आहेत का ते बघायला सांगा. गिलावा करताना बोर्डाच्या तोंडातून सिमेंट आत जाऊन पाइप बुजणे हा नेहमीचा दोष आहे. एखादा पाइप बुजलेला निघाला तर भाड्याच्या घरात भिंत कापत बसू नका, तेवढ्या टप्प्यात वरून केसिंग पट्टी (भिंतीवर बसवून आतून वायर नेण्याची प्लास्टिकची पोकळ पट्टी) मारा. दिवे-पंख्यांना 1.5 चौरस मिमी आणि 16 अँपियरच्या सॉकेटला किमान 2.5 चौरस मिमी तांब्याची वायर हवी. अर्थिंगची हिरवी वायर प्रत्येक सॉकेटपर्यंत पोचली आहे हे बोर्ड बंद करण्याआधी डोळ्यांनी बघा. वायर वाचवण्यासाठी नेमकी तीच गाळली जाते. मुख्य बोर्डात 30 मिलीअँपियरची आरसीसीबी (वीज गळू लागली की प्रवाह तोडणारा स्विच) नसेल तर याच वेळी बसवून घ्या.

मग भिंती. हात फिरवा, खिळ्याने ओरखडा. रेती भुरभुर सुटत असेल तर तो भाग खरवडून सिमेंट-वाळूने भरून घ्या, त्यावर सात दिवस पाणी मारा आणि पूर्ण सुकू द्या. नवा गिलावा ओला असताना रंग लावला की आतले क्षार वर येतात. उरलेल्या भिंती घासायच्या दगडाने घासून सुटे कण काढा, कोरड्या ब्रशने धूळ झटका. छताला वेगळी परीक्षा हवी. उघड्या स्लॅबच्या तळाला कधी कधी शटरिंगचे (स्लॅब ओतताना लावलेल्या फळ्यांचे) तेल राहिलेले असते. ओल्या फडक्याने पुसून बघा. पाणी न मुरता थेंबाथेंबाने लोंबले, तर तारेच्या ब्रशने साबणाच्या पाण्यात घासून धुवा आणि सुकवा. नाहीतर छताची पुट्टी डोक्यावर गळेल.

मालाचा हिशेब असा. उंची साडेनऊ फूट धरली, तर दार-खिडकी वजा जाता भिंती सुमारे 380 चौरस फूट आणि छत 120, म्हणजे एकूण 500. गुळगुळीत भिंतीला 40 किलोची एक गोणी पुट्टी पुरली असती; रेतीचा गिलावा जास्त पितो, म्हणून दोन गोण्या धरा. दुसरी लगेच फोडू नका. वॉटर बेस प्रायमर 5 लिटर. इमल्शनचे (पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे) दोन हात धरून भिंतींना 6 ते 7 लिटर, छताच्या पांढऱ्याला 2 लिटर.

सिमेंट पुट्टी लावण्याआधी भिंतीवर पाण्याचा हलका फवारा मारा. कोरडी भिंत पुट्टीतले पाणी शोषून घेते, सिमेंट धरत नाही आणि पापुद्रे सुटतात. 5 किलो पुट्टीला साधारण 2 लिटर पाणी. पाण्यात पुट्टी टाका, उलटे नको, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. कालवलेला माल दोन-अडीच तासांत संपवा. घट्ट झाल्यावर पाणी घालून पुन्हा मऊ केलेली पुट्टी कामाची नाही, हे कारागिराला आधीच बजावा. पहिला हात खालून वर, रात्रभर वाळू द्या, मग दुसरा; दोन्ही मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या वर नको. खड्डे पुट्टीने भरले की तिथेच तडे जातात. दुसरा हात वाळला की बारीक पॉलिश पेपरने घासा. बल्ब भिंतीला चिकटवून आडवा धरला की उंचवटे सावलीने दिसतात. वरच्या दिव्यात ते कधीच दिसत नाहीत. घासताना एन-95 मास्क लावा आणि दाराच्या फटीला ओले फडके, नाहीतर धूळ स्वयंपाकघरापर्यंत जाईल.

फरशी सर्वांत शेवटी. कोब्यावर दोन फूट चौकोनी प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून 24 तास ठेवा. खाली थेंब जमले तर ओल आहे, आणि वर व्हिनाइल टाकले तर ती अडकून वास मारेल. कोरडे निघाले तर व्हिनाइलचा रोल न चिकटवता अंथरा. क्लिकने जोडायच्या एसपीसी (दगडाची भुकटी आणि प्लास्टिकच्या कडक) पट्ट्याही चालतात. त्यांना भिंतीपासून 8-10 मिमी फट सोडा आणि 120 चौरस फुटांवर दहा टक्के जादा घ्या. ती फट राहिली नाही तर उन्हाळ्यात पट्ट्या मध्येच फुगून उठतात.

प्रश्न : पुट्टी-रंग झाल्यावर दोन महिन्यांत बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर खालच्या दोन फुटांत फुगे आले. पुन्हा पुट्टी लावावी का?

उत्तर : नको. दोष रंगाचा नाही, पलीकडून पाणी येते आहे. दोन दिवस ते बाथरूम बंद ठेवा. ओल कमी झाली तर पाणी टाइलच्या सांध्यांतून किंवा नहाणीच्या जाळीभोवतून शिरते. वापर बंद असूनही वाढली तर पाण्याचा पाइप गळतो आहे. ही दुरुस्ती मालकाची, त्यांना फोटोसह लेखी कळवा. गळती थांबल्यावर फुगलेला भाग गिलाव्यापर्यंत खरवडा, पांढरा लोणा कोरड्या ब्रशने काढा (पाण्याने धुतला तर विरघळून पुन्हा आत जातो) आणि भिंत महिनाभर उघडी ठेवा. मध्ये पावसाळा आला तर जास्त.

प्रश्न : तिघांनी खर्च केला, एकजण सहा महिन्यांत जातो आहे. त्याला काय द्यायचे?

उत्तर : मालक जे भाड्यात वळते करतात ते तिघांच्याही भाड्यातून सारखेच कमी होत असेल, तर त्याचा वाटा शेवटच्या महिन्यापर्यंत मिळालेला असतो, उरलेला त्याच्या जागी येणाऱ्याने द्यावा. तुमच्या खिशातल्या वस्तूंसाठी राहण्याचा काळ आधी ठरवा. समजा 18 महिने आणि खर्च 27,000. म्हणजे प्रत्येकी 9,000, महिन्याला 500. सहा महिन्यांनी जाणाऱ्याचे 3,000 वापरून झाले, 6,000 परत. नवी खोली ज्याला मिळते त्याने भाड्यात थोडे जास्त द्यावे, हेही काम सुरू होण्याआधी बोला. रंग वाळल्यावर त्या खोलीवर तिघांचाही डोळा असतो.

प्रश्न : त्याच खोलीत दीड टनाचा एसी साध्या सॉकेटवर चालेल का?

उत्तर : नाही. एसीला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र 4 चौरस मिमी वायर आणि 20 अँपियरची सी कर्व्ह एमसीबी (जादा प्रवाह झाला की वीज तोडणारा, पण यंत्र सुरू होतानाचा क्षणिक झटका सोसणारा स्विच) लागते. आधी महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' (घराला किती किलोवॅट वीज मंजूर आहे ते) बघा. तो अपुरा असेल तर वाढीचा अर्ज मीटर ज्याच्या नावावर आहे त्यानेच करायचा, म्हणजे बहुधा मालकाने. वायरिंग सुरू असतानाच ही वायर ओढून घ्या; एसी नंतर आला तरी चालेल.