अर्ध्या तासाच्या फेरीसाठी नॉयश्वानस्टाइनला जावे का?

प्रश्न : मी म्युनिक येथे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. आम्ही पाच मैत्रिणी एका दिवसात नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा पाहून परतण्याचा विचार करीत आहोत. तेथे जाऊन आलेले विद्यार्थी सांगतात की, आतील फेरी अर्ध्या तासात संपते आणि छायाचित्रेही काढू देत नाहीत, तेव्हा पुलावरून वाडा पाहावा आणि परत यावे. हे बरोबर आहे का? दिवसाची आखणी कशी करावी?
— एक विद्यार्थिनी, म्युनिक

उत्तर : त्यांनी दिलेली माहिती खरी आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. फेरी सुमारे अर्ध्या तासाचीच असते, ती मार्गदर्शकाबरोबरच करावी लागते आणि आत छायाचित्रणास बंदी आहे. तरीही आत जरूर जावे, कारण हा वाडा बाहेरून जे सांगतो त्याच्या अगदी उलट गोष्ट आत गेल्यावर कळते.

बाहेरून तो मध्ययुगीन किल्ला वाटतो. प्रत्यक्षात त्याची पायाभरणी 5 सप्टेंबर 1869 रोजी झाली, म्हणजे तेव्हा युरोपात आगगाडी सर्रास धावत होती. म्युनिक ज्या प्रदेशात आहे त्या बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने तो संरक्षणासाठी बांधलाच नाही. संगीतकार रिचर्ड वाग्नर याच्या संगीतनाट्यांतील जग आपल्याभोवती उभे करावे, ही त्याची ओढ होती, आणि म्हणून वाड्याची कल्पनाचित्रे क्रिस्टियान यांक या नाट्यगृहाचे पडदे रंगवणाऱ्या चित्रकाराकडून करून घेण्यात आली. हे लक्षात ठेवून आत गेलात, तर हंसांच्या आकृती, भिंतींवरील लोहेनग्रिनची, म्हणजे वाग्नरच्या संगीतनाट्यातील हंसवीराची, कथा आणि दिवाणखान्याला लागून केलेली कृत्रिम गुहा यांचा अर्थ लागतो. त्याच वाड्यात गरम हवेने खोल्या उबदार ठेवण्याची व्यवस्था, प्रत्येक मजल्यावर नळाचे पाणी, नोकरांना बोलावण्यासाठी विजेच्या घंटा आणि दूरध्वनीही होते.

मला स्वतःला सर्वांत अधिक भिडते ते सिंहासन-दालन. जमिनीवर प्राणी आणि वनस्पतींचे बारीक मोझेक, वर मुकुटाच्या आकाराचे झुंबर, आणि समोर जेथे सिंहासन असायला हवे ती जागा रिकामी, कारण ते तयार होण्यापूर्वीच राजाचा मृत्यू झाला. गायकांच्या भव्य दालनातही त्याच्या हयातीत एकही मैफल झाली नाही. बांधकामाच्या कर्जाने वेढलेल्या लुडविगला जून 1886 मध्ये राज्य करण्यास असमर्थ ठरवून याच वाड्यातून नेण्यात आले आणि 13 जूनला तो श्टार्नबेर्ग सरोवरात मृतावस्थेत सापडला. त्या मृत्यूचे गूढ आजही उकललेले नाही. ज्याला आपल्या एकांतात कोणी परके नको होते, त्याचा वाडा त्यानंतर सात आठवड्यांतच तिकीट लावून लोकांना खुला झाला. त्या रिकाम्या जागेसमोर उभे राहून हे आठवण्यासाठी अर्धा तास पुरेसा आहे. वर येण्यापूर्वी ते वाचलेले मात्र असावे.

आता आखणी. तुम्ही पाचजणी आहात, हे सोयीचे आहे, कारण बायर्न तिकिटावर, म्हणजे बव्हेरियातील प्रादेशिक गाड्यांच्या तिकिटावर, एका वेळी पाच जणांपर्यंत प्रवास करता येतो. मात्र ते सोमवार ते शुक्रवार सकाळी 9 नंतरच चालते, वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्यांत चालत नाही आणि त्यावर सर्वांची नावे लिहावी लागतात. म्युनिकहून आगगाडीने फ्युसेन या गावापर्यंत सुमारे दोन तास लागतात, तेथून वाड्याच्या पायथ्याच्या होहेनश्वांगाउ गावापर्यंत बस आणि मग वाड्यापर्यंत सुमारे 40 मिनिटांची चढण आहे. येथेच बहुतेकांचे गणित चुकते. प्रवेशाची वेळ तिकिटावर ठरलेली असते आणि ती चुकली की तिकीट वाया जाते. त्यामुळे कामाच्या दिवशी जाणार असाल, तर दुपारी दोनपूर्वीची वेळ घेऊ नका. शनिवारी किंवा रविवारी मात्र पहाटेच निघता येते. तिकीट आगाऊ ऑनलाइन काढा, कारण गर्दीच्या दिवसांत तेथे गेल्यावर ते मिळेलच असे नाही. विद्यार्थ्यांना सवलत असते, म्हणून विद्यापीठाचे ओळखपत्र जवळ ठेवा. मोठ्या पाठपिशव्या आत नेता येत नाहीत, आणि आत चढण्याउतरण्याच्या मिळून साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, हेही ध्यानात असू द्या.

ज्या पुलाविषयी तुम्हाला सांगितले गेले, तो मारिएनब्रुके, म्हणजे राजाच्या आईच्या नावाचा पूल. तो प्योलाट नदीच्या घळीवर, सुमारे 90 मीटर उंचीवर आहे आणि तेथून वाडा खरोखर फार सुंदर दिसतो; परंतु बर्फ पडल्यावर तो बंद ठेवतात. म्हणून केवळ पुलाच्या भरवशावर हिवाळ्यात जाणे धोक्याचे आहे. फेरीची वेळ दुपारची असेल, तर पुलावर फेरीनंतर जा, म्हणजे घड्याळाकडे पाहत उभे राहावे लागणार नाही.

खाली गावाजवळ होहेनश्वांगाउचा पिवळा वाडा आहे. लुडविगचे बालपण तेथे गेले. एका दिवसात दोन्ही वाडे आतून पाहण्याचा आग्रह मी धरणार नाही, त्यात धावपळच फार होते. उतरताना तेथे थोडे थांबून वर पाहा. नवे बांधकाम कसे चढते आहे, हे तो राजा त्याच वाड्यातून दुर्बिणीने पाहत असे.