प्लेटलेटमधून बाहेर पडलेली प्रथिनं वाहून न जाता तिच्यावरच कशी टिकतात?

सक्रिय झालेली प्लेटलेट (रक्त गोठवणारी छोटी पेशी) जी प्रथिनं बाहेर टाकते ती तिच्याच अंगावर कशी बसतात, असं तुम्ही विचारलंय. ‘प्लेटलेट चिकट होते’ हे त्याचं उत्तर नव्हे, आणि अजूनही तेच शिकवलं जातं याचा मला राग येतो. प्रत्येक प्रथिनाची बसायची जागा वेगळी, पकडही वेगळी.

आधी पी-सिलेक्टिन हे प्रथिन या यादीतून काढा. ते बाहेर पडून पुन्हा चिकटत नाही. आल्फा कण म्हणजे प्लेटलेटमधली प्रथिनांची पिशवी; तिच्या पटलातच ते रोवलेलं असतं. कण पेशीपटलाला मिळाला की ते बाहेरच्या अंगाला येतं. फ्लो सायटोमीटर या एकेक पेशी मोजणाऱ्या यंत्रावर सीडी 62पी (हेच पी-सिलेक्टिन) वाढलं, म्हणजे कण रिकामे झाले, एवढंच कळतं. त्यावरून ‘स्रवलेली प्रथिनं पृष्ठभागावर बसली’ असं लिहिणं चूकच.

खरा मामला फायब्रिनोजेनचा, म्हणजे गुठळीचं जाळं ज्यापासून बनतं त्या प्रथिनाचा. शांत प्लेटलेटवर जीपी टू-बी थ्री-ए या इंटिग्रिनचे (पटलातल्या पकडणाऱ्या प्रथिनाचे) सुमारे 80,000 रेणू असतात, पण मिटलेले. आतून टॅलिन आणि किंडलिन ही प्रथिनं त्याच्या बीटा-थ्री या भागाच्या शेपटाला धरतात तेव्हा ते उघडतं आणि फायब्रिनोजेनच्या गॅमा साखळीच्या टोकाची 12 अमिनो आम्लं पकडतं. कॅल्शियम लागतंच. सुरुवातीला ही पकड ईडीटीए या कॅल्शियम बांधून टाकणाऱ्या रसायनाने सुटते. वेळ जाईल तसा सुटणारा भाग कमी होत जातो.

पटत नसेल तर करून बघा. प्लेटलेट्स धुवून घ्या, धुताना प्रोस्टाग्लँडिन ई-1 आणि अ‍ॅपिरेज घाला, म्हणजे त्या शांत राहतात, नाहीतर त्या आधीच पेटलेल्या असतात. मग 1 ते 2 मिलिमोलर कॅल्शियम असलेल्या टायरोड द्रावात ठेवा, बाहेरून फायब्रिनोजेन अजिबात देऊ नका. उत्तेजनासाठी थ्रॉम्बिन (रक्त गोठवणारं विकर) टाळा: ते स्रवलेल्या फायब्रिनोजेनचं फायब्रिन करतं आणि ते जाळं पृष्ठभागावर अडकून खोटा सिग्नल देतं. त्याऐवजी थ्रॉम्बिनचाच रिसेप्टर चेतवणारं टीआरएपी-6 पेप्टाइड वापरा. थ्रॉम्बिनच हवं असेल तर फायब्रिनचं जाळं बनू न देणारं जीपीआरपी पेप्टाइड सोबत घाला. नळी ढवळू नका. गुठळ्या झाल्या की सायटोमीटर एकेक पेशी मोजूच शकत नाही. एका नळीत उत्तेजनाआधीच इंटिग्रिनची पकड अडवणारं आरजीडीएस पेप्टाइड घाला. त्या नळीत फायब्रिनोजेनचा सिग्नल पडतो, पी-सिलेक्टिनचा टिकतो. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत याला आणखी काय पुरावा हवा? ग्लान्झमान या आनुवंशिक रक्तस्रावाच्या आजारातही हेच दिसतं: इंटिग्रिन नाही किंवा सदोष, कण नीट रिकामे होतात, पी-सिलेक्टिन वर येतं, पण फायब्रिनोजेन बसत नाही.

ईडीटीएची नळी मात्र 37 अंशांवर रेंगाळू देऊ नका. तिथे इंटिग्रिनचे दोन भागच सुटे होतात आणि नंतर कॅल्शियम दिलं तरी नीट जुळत नाहीत. मग ‘फक्त कॅल्शियम नसल्यामुळे बंधन गेलं’ असं वाटतं. खरं तर पकडणारा रेणूच मोडलेला असतो.

बाकीची प्रथिनं थोडक्यात. थ्रॉम्बोस्पॉन्डिन पृष्ठभागावरच्या सीडी 36 या रिसेप्टरवर बसतं, शिवाय आधी बसलेल्या फायब्रिनोजेनलाही धरतं. प्लेटलेट फॅक्टर 4 धनभारित आहे, ते पृष्ठभागावरच्या काँड्रॉइटिन सल्फेट या ऋणभारित शर्करासाखळीला चिकटतं; हेपॅरिन (तसंच ऋणभारित, रक्त गोठू न देणारं औषध) भरपूर दिलं तर सुटून येतं. म्हणजे भाराचं आकर्षण इथे खरं, पण तेच सगळ्या प्रथिनांना लावणारे चुकतात. फॅक्टर पाच हे रक्त गोठण्यातलं प्रथिन फॉस्फॅटिडिलसेरीन या पटलातल्या मेदावर बसतं. कोलॅजन आणि थ्रॉम्बिन एकदम मिळालं तर काही प्लेटलेट्सवर सेरोटोनिन जोडलेलं फायब्रिनोजेन आणि फॅक्टर पाच फार घट्ट टिकतात. 2002 पासून हे माहीत आहे.

एक मर्यादा सांगायला हवी. वरचं सगळं धुतलेल्या प्लेटलेट्सबद्दल आहे. प्लाझ्मात किंवा अख्ख्या रक्तात बसलेलं फायब्रिनोजेन कणातून आलं की बाहेरून, हे साध्या अँटिबॉडीने कळणार नाही. कणातलं फायब्रिनोजेनसुद्धा प्लेटलेट स्वतः बनवत नाही. प्लाझ्मातूनच, याच इंटिग्रिनच्या मार्फत, ते आत ओढलेलं असतं.