टॉर्चची काच घरी करताना: वाचकांचे प्रश्न

काच फुटलेल्या टॉर्चची पत्रं थांबत नाहीत. या खेपेला निवडक सहा.

रात्री ओलिताला जातो. टॉर्च दगडावर पडून काच फुटली. कोणतं प्लास्टिक लावू? (काटोल)
दोन मिलिमीटर पॉलिकार्बोनेट. जुन्या काचेची जाडी तेवढी मोजून घ्या. अ‍ॅक्रिलिकमधून उजेड थोडा जास्त जातो (९२ टक्के, पॉलिकार्बोनेटमधून ८८च्या आसपास), पण आपटलं की तडकतं. ‘अनब्रेकेबल’ म्हणून अ‍ॅक्रिलिक गळ्यात मारतात. कोपऱ्याचा तुकडा दुकानातच पक्कडीने वाकवून बघा. पॉलिकार्बोनेट वाकतं, अ‍ॅक्रिलिक टक्‌कन तुटतं.

सीडीच्या डबीचं झाकण चालेल? (महाल)
नाही. कापतानाच चिरेल.

ड्रिलला होल सॉ लावून चकती कापली. मधे भोक पडलं, कडा वितळल्या. (मानेवाडा)
होल सॉ भोकं पाडायलाच असतो, मधल्या ड्रिलचं भोक राहणारच. शीटवरचा कागद काढू नका. त्यावर जुनी काच ठेवून गोल आखा, रेषेबाहेर मिलिमीटरभर सोडून बारीक दातांच्या करवतीने थांबत थांबत कापा. मग २२०चा आणि नंतर ४००चा पॉलिश पेपर. दर थोड्या वेळाने रिंगमध्ये बसवून पाहा. ठोकून बसवाल तर ताणाने पुढे चिरा जातील. किंचित सैल असू द्या, फट रबर रिंग भरते. एवढा खटाटोप नको असेल तर जुनी काच आणि रिंग घेऊन नेमप्लेटवाल्याकडे जा. त्याच्याकडच्या लेझरवर अ‍ॅक्रिलिक छान कापलं जातं, पॉलिकार्बोनेट करपतं. पीव्हीसी मात्र लेझरखाली धरू देऊ नका, धूर विषारी असतो.

रेझिन ओतून फुगीर भिंग केलं तर झोत दुप्पट लांब जातो, असं व्हिडिओत पाहिलं. (प्रतापनगर)
पाहिलं ना, मग विसरा. झोत रिफ्लेक्टर बांधतो, पुढची काच नुसती खिडकी. झूमवाल्या टॉर्चमध्ये खरं भिंग असतं, पण तो आकार घरी साधत नाही.

गॅसच्या गोदामातल्या फ्लेमप्रूफ टॉर्चची काच तडकली. साहेब म्हणतात, नवी येईपर्यंत तूच एक बसवून दे. (बुटीबोरी)
बसवू नका. साहेबांना हे वाचायला द्या.

अशा टॉर्चचं प्रमाणपत्र काच, सांधे, रबर धरून अख्ख्या टॉर्चला असतं; एक भाग घरचा लावला की ते कागदापुरतं उरतं. आतली ठिणगी बाहेरच्या गॅसला लागू नये याचा सगळा हिशेब त्या काचेच्या जाडीत आणि बसवणीत असतो. एलपीजी हवेत दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला तरी पेटू शकतो, हवेपेक्षा जड म्हणून जमिनीलगत साचतो, तिथे नाकाला कळेलच असं नाही. त्यात आपला मे महिन्यातला कोरडा उन्हाळा. प्लास्टिक कोरड्या फडक्याने पुसलं तरी त्यावर स्थिर वीज चढते. स्फोटक आणि पेट्रोलियम सुरक्षेचं देशाचं मुख्यालय, पेसो, आपल्याच नागपुरात आहे, आणि प्रश्न मात्र नेमप्लेटवाल्याला विचारले जातात! खाणीतल्या कॅप लॅम्पचंही (टोपीवरच्या दिव्याचं) तेच, तिथे डीजीएमएसची, म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालयाची, मान्यता लागते. ‘नवी येईपर्यंत’ म्हणजे किती दिवस, हे कुणी सांगत नाही, माझी चिडचिड त्याचीच आहे. टॉर्च आजच वापरातून काढा, सेफ्टी ऑफिसरला लेखी कळवा, मूळ कंपनीकडून सुटा भाग मागवा. तोवर दुसरा प्रमाणित टॉर्च आणणं साहेबांचं काम.

थिनरने पुसली आणि काच पांढुरकी झाली. पॉलिशने निघेल? (रामटेक)
नाही, नवी कापा. पुढे पाणी, साबणाचा थेंब आणि जुन्या धोतराचं मऊ कापड वापरा.