फोटो एडिट करायचे तर जेपेग, रॉ की टिफ? कोणता फॉरमॅट ठेवावा?

तुम्ही लिहिलंय की नवा कॅमेरा घेतलाय, नांदूरमध्यमेश्वरला पक्ष्यांचे आणि गोदाघाटावर सकाळचे फोटो काढता. एडिटिंगला जेपेग पुरे, की रॉ आणि टिफच्या मागे लागावं, हा तुमचा प्रश्न. मीही नाशिकचाच, आणि माझं मत पक्कं आहे. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या फाइलमध्ये काढा, काम 16 बिट टिफ (सेव्ह करताना सहसा तपशील न छाटणारी फाइल) किंवा पीएसडीत (फोटोशॉपची फाइल) करा, आणि जेपेग फक्त कुणाला द्यायच्या वेळी बनवा.

हे मला एक फोटो गमावून कळलं. जुन्या नाशकात आमचा वाडा होता. तो पाडायच्या आधी मी दरवाजाचा फोटो घेतला, वरच्या गणेशपट्टीसकट, जेपेगमध्ये. मग महिनाभर त्यावर थोडं थोडं काम करत राहिलो. आज उजेड वाढवला, सेव्ह. उद्या मध्ये आलेली विजेची वायर पुसली, सेव्ह. परवा कडा कापून चौकट सरळ केली, सेव्ह. सगळं त्याच एका फाइलवर. वाडा गेला, आणि काकांनी भिंतीवर लावायला मोठी प्रिंट मागितली. तेव्हा शंभर टक्के झूम करून पाहिलं, तर गणपतीच्या सोंडेभोवती मळकट ठिपके, कमळाच्या पाकळ्या एकमेकींत विरघळलेल्या, लाकडाच्या रेषांच्या जागी चौकोनी ठोकळे. मूळ फोटो कुठेच नव्हता.

जेपेग चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येकातला डोळ्याला कमी जाणवणारा बारीक तपशील टाकून देतं. फाइल नुसती उघडून पाहिली किंवा कॉपी केली तर काही होत नाही. बदल करून परत सेव्ह केली की ही छाटणी परत होते. कडा कापल्या की चौकोन नव्याच जागी पडतात, म्हणून क्रॉप केलेल्या फोटोची हानी जास्त.

दुसरं कारण तुमच्या नांदूरमध्यमेश्वरच्या फोटोंत लगेच दिसेल. थंडीत पहाटे पाण्यावर धुकं असतं, आकाश राखाडीतून हळूहळू गुलाबी होतं. जेपेग 8 बिटचं, म्हणजे लाल, हिरव्या, निळ्या प्रत्येक रंगाच्या फक्त 256 पायऱ्या. 14 बिट रॉमध्ये त्याच 16,384 असतात. अंधारलेला फोटो एडिटिंगमध्ये उजळला की पायऱ्या ताणल्या जातात, आणि जेपेगमध्ये त्या धुक्यात पट्टे उमटतात. ते नंतर पुसून जात नाहीत, मी बराच प्रयत्न केलाय. शिवाय रॉमध्ये व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडानुसार पांढरा पांढराच दिसावा म्हणून केलेली रंगांची जुळवणी, नंतर हवा तसा बदलता येतो, कारण कॅमेऱ्याने तो चित्रात मुरवलेला नसतो.

रॉची अडचणही सांगतो. बगळ्यांचा थवा उठला आणि तुम्ही बोट दाबून धरलं, की कॅमेऱ्याचा बफर, म्हणजे फोटो कार्डवर जायच्या आधी थांबतात ती तात्पुरती जागा, लवकर भरतो आणि ऐन वेळी वेग पडतो. अशा वेळी मी स्वतः जेपेगवर जातो. रंगपंचमीला रहाडीवरचे (रंगाच्या पाण्याचा जुना हौद) पाचशे फोटो रात्रीच मित्रांना पाठवायचे असतील, तर रॉ आणि जेपेग दोन्ही एकदम काढायची सोय कॅमेऱ्यात असते, ती वापरा.

टिफ जड असतं, हे खरं. 24 मेगापिक्सेलचा फोटो 16 बिटमध्ये कॉम्प्रेशनशिवाय 144 एमबी होतो, लेयर (एकावर एक ठेवलेले बदलांचे थर) ठेवले तर आणखी. म्हणून सगळ्यांचं टिफ करत बसू नका. ज्या दहा-वीस फोटोंवर खरंच मेहनत घेणार, त्यांचंच करा. बाकीच्यांचं काम रॉ सॉफ्टवेअरमध्येच भागतं. तिथे तुमचे बदल वेगळे नोंदले जातात आणि मूळ फाइलला धक्का लागत नाही. पैसे घालायचे नसतील तर डार्कटेबल किंवा रॉथेरपी फुकट आहेत. पुढच्या कामाला गिंप हे फुकट एडिटिंग सॉफ्टवेअर घ्या. त्यात ‘सेव्ह’ म्हटलं की त्याची स्वतःची एक्ससीएफ फाइल बनते, जेपेग हवं तर मुद्दाम ‘एक्सपोर्ट’ करावं लागतं. ही सोय मला फार आवडते. माझ्या वाड्याच्या वेळी मी ती वापरत असतो तर गणेशपट्टी वाचली असती.

पीएनजीत तपशील जात नाही, पण ते स्क्रीनशॉट, लोगो, पारदर्शक चित्रं यांच्यासाठी ठेवा. लॅबवाल्याला द्यायचं जेपेग एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत, क्वालिटी 90 च्या वर ठेवून करा. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून जोडा, नाहीतर तिथे फोटो पुन्हा दाबला जातो.

येत्या रविवारी घाटावर एकच फोटो रॉ आणि जेपेग दोन्हीत काढा, मुद्दाम थोडा अंधारा. घरी येऊन दोन्ही सारखेच उजळा आणि पायऱ्यांच्या सावलीत झूम करा. काय दिसलं ते इथे कळवलंत तर पुढचं सांगता येईल.