अकरावा आठवडा, उलट्या थांबत नाहीत आणि ‘नकोच हे बाळ’ असं वाटतंय

अगं, तू लिहिलंयस की अकरावा आठवडा चालू आहे, दिवसाला १०-१२ उलट्या, आणि काल मनात आलं ‘नकोच हे बाळ, सुटेन तरी’, तेव्हापासून स्वतःला पापी म्हणतेयस. मलाही हेच वाटलं होतं गं, आणि तेही दोन वर्षं वाट बघून राहिलेल्या बाळाबद्दल.

मी पलंगाच्या कडेला स्टीलचं पातेलं घेऊन पडून असायचे, शेजारी फोडणी पडली की नवरा धावत खिडक्या लावायचा, थुंकीसुद्धा गिळवत नव्हती. आणि येणारी प्रत्येक बाई म्हणायची, ‘आम्हाला काय डोहाळे लागले नाहीत का!’ हे ऐकून ऐकून मी नळ सोडून उलट्या करायला लागले, कोणाला आवाज जाऊ नये म्हणून.

हे साधं मळमळणं नाही, याला हायपरएमेसिस म्हणतात. २०२३ मध्ये संशोधनात आलंय की गर्भाकडून येणारं जीडीएफ१५ हार्मोन आणि आईच्या शरीराला त्याची आधीपासून किती सवय आहे, यावर हा त्रास बराच अवलंबून असतो. पूर्वी डॉक्टरसुद्धा म्हणायचे की मनातून मूल नको असतं म्हणून उलट्या होतात, ते साफ चुकीचं. आठवडेच्या आठवडे पोटात अन्न नाही, झोप नाही, मन कोलमडणारच ना. काहींना डिलिव्हरीनंतरही मनाचा हा त्रास राहतो, माझी लेक दीड वर्षाची झाली तरी फिनाईलचा वास आला की मला धडधडायचं.

उद्याच डॉक्टरकडे जा. वजन ५ टक्क्यांहून जास्त उतरलंय का बघ, लघवी गडद किंवा अगदी कमी होतेय का तेही सांग, लघवीत कीटोन (उपाशी शरीर चरबी जाळायला लागलं की तयार होतात ते) तपासतील, गरज असेल तर सलाईन लावतील. उलट्या बरेच दिवस चालू असतील तर ग्लुकोजच्या सलाईनआधी बी१ जीवनसत्त्व देतात, ते आवर्जून विचार. उलट्यांवरच्या डॉक्सिलामिन-बी६ च्या गोळीने फरक नसेल तर पुढची औषधंही आहेत.

आणि ते ‘नकोच हे बाळ’ वाक्य डॉक्टरांना आहे तसं सांग. मी आधी ‘जरा लो वाटतंय’ म्हटलं तर ‘होतं असं’ म्हणून विषय संपला, पुढच्या वेळी रडत रडत खरं बोलले तेव्हा कुठे मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, आणि गरोदरपणात चालतील अशी औषधं मिळाली.

जीव द्यावासा वाटला तर एकटी राहू नकोस, नवऱ्याला नाहीतर आईला लगेच उठव आणि १४४१६ ला फोन लाव, टेलि-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं. उद्या डॉक्टर काय म्हणाल्या ते मला कळव, मी वाट बघतेय.