रब्बी: पिकाचा आणि पोथीचा

एका बातमीत ‘ज्यू पुजारी (रब्बी)’ असे छापून आले होते. त्यावरून एका वाचकाचे दोन प्रश्न आहेत: रब्बीला पुजारी म्हणणे बरोबर का, आणि आपल्या रब्बी पिकाशी या शब्दाचे काही नाते आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचा निकाल आधी लावू. नाते नाही. पिकाचा रब्बी अरबी ‘रबी’वरून आला. रबी म्हणजे वसंत. त्या सुमारास कापणीला येते ते रब्बी. खरीप हेही तसेच अरबी, ‘खरीफ’ म्हणजे शरद. ज्यूंचा रब्बी हिब्रू ‘रव’वरून आला. रव म्हणजे थोर. त्याला ‘माझा’ दाखवणारा ‘ई’ लागला की ‘रब्बी’, म्हणजे ‘माझे गुरू’. त्याचा अरबी भाऊबंद शोधायचाच तर तो कव्वालीतला ‘रब’. मराठीत दोन्ही शब्द एकसारखे झाले हा योगायोग.

‘पुजारी’ मात्र साफ चुकीचे. ज्यूंमध्ये पुजारी असतो तो कोहेन. ज्यूंना धर्मनियम देणाऱ्या मोशेचा भाऊ अहरोन याचे ते वंशज, म्हणजे हे पद जन्माने मिळते. जेरुसलेमच्या मंदिरात बळी अर्पण करणे हे त्यांचे काम. इ.स. ७० मध्ये रोमनांनी ते मंदिर जमीनदोस्त केले आणि कोहेनांचे काम संपले. प्रार्थनागृहात तोरा हा मूळ धर्मग्रंथ वाचताना पहिला मान कोहेनाचा, ठरावीक आशीर्वाद त्याने द्यायचा, असे थोडेच आता उरले आहे.

मंदिर गेल्यावर धर्म टिकला तो अभ्यासावर. आख्यायिका अशी की वेढ्यात अडकलेल्या जेरुसलेममधून योहानान बेन झक्काई या पंडिताला शिष्यांनी शवपेटीत घालून बाहेर काढले. त्याने रोमन सेनापती व्हेस्पाशियनकडे काय मागितले, तर यावने गाव आणि तिथले विद्वान. मंदिर वाचवा असे म्हणाला नाही! त्याबद्दल पुढच्या पिढ्यांनी त्याला दोषही दिला आहे. पण रब्बी या पदाला आज जो अर्थ आहे तो यावनेपासून पुढे घडला. रब्बी जन्माने होत नाही, शिकून होतो. परंपरा सांगते की रब्बी अकिवा चाळिशीपर्यंत निरक्षर मेंढपाळ होता.

हिब्रू आणि यिद्दिश या ज्यूंच्या भाषांतले इतर शब्द पाहिले तरी हा कल दिसतो. ‘येशिवा’ म्हणजे धर्मशास्त्राची पाठशाळा. शब्दाचा मूळ अर्थ ‘बसणे’, म्हणजे आपली बैठकच. यिद्दिशमध्ये प्रार्थनागृहालाच ‘शूल’, म्हणजे शाळा, म्हणतात. आणि मोठ्या पंडिताला म्हणतात ‘तालमीद हाखाम’, ज्ञानी माणसाचा विद्यार्थी. पंडित झाला तरी विद्यार्थीच.

तालमुद म्हणजे ज्यू धर्मशास्त्रावरच्या चर्चांचा मोठा ग्रंथ. त्याचे छापील पान एकदा जरूर पाहा. मध्यभागी मूळ मजकूर. एका बाजूला अकराव्या शतकातल्या फ्रान्समधल्या राशी नावाच्या पंडिताची टीका, म्हणजे भाष्य. दुसऱ्या बाजूला त्याच्या नातवंडांच्या पिढीपासूनच्या पंडितांची, राशीचेही म्हणणे खोडून काढणारी टिपणे. आपल्याकडच्या पंचपाठ पोथ्यांत मुळाच्या चारी बाजूंना टीका असते, तसाच काहीसा थाट. व्हेनिसच्या छापखान्यात १५२० च्या सुमारास पानांचा हा क्रम ठरला आणि आजही जगभर तोच पाळतात. हे पान एकट्याने वाचायचे नसते. दोघे समोरासमोर बसून मोठ्याने भांडत वाचतात. त्या जोडीला ‘हेवरुता’ म्हणतात. तालमुदमध्येच एक म्हण आहे: ‘एक तर सोबत, नाही तर मरण.’

मुलांच्या शाळेचेही नियम त्यात आहेत. गावोगाव शिक्षक नेमावेत, सहा-सात वर्षांच्या मुलांना शाळेत घालावे, एका शिक्षकाकडे पंचवीस मुले, चाळीस झाली तर मदतनीस, पन्नास झाली तर दोन शिक्षक. आपल्या कित्येक वर्गांना हे अजून साधलेले नाही, असो.

आता मराठीकडे. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंना शतकानुशतके रब्बी नव्हते, तरी त्यांचा धर्म चालला. कारण ज्यू प्रार्थनेला रब्बी लागतच नाही. परंपरेने दहा प्रौढ पुरुष जमले की झाले. प्रार्थना म्हणणारा तो हज्जान, तंटे सोडवणारा आणि विधी सांगणारा तो काजी, आणि प्रार्थनागृहाला त्यांच्या मराठीत शब्द होता ‘मशीद’. एकोणिसाव्या शतकात हिब्रू प्रार्थना मराठीत आणणारे जोसेफ इझिकेल राजपूरकर हे रब्बी नव्हते, मुंबईत एका शाळेचे मुख्याध्यापक होते. मला हे फार बोलके वाटते.

एक अडचण स्त्रीलिंगाची. ‘रब्बानित’ म्हणजे परंपरेने रब्बीची बायको, जशी मास्तरांची बायको ती मास्तरीणबाई. तालमुदचा अभ्यास स्त्रियांना जवळजवळ बंदच होता, त्यामुळे स्वतः रब्बी असलेल्या बाईसाठी शब्दाची गरजच पडली नाही. बर्लिनच्या रेगिना योनास १९३५ मध्ये रब्बी झाल्या. १९४४ मध्ये नाझींच्या आउशवित्झ छळछावणीत त्यांचा अंत झाला. बाईने रब्बी व्हावे का, हा वाद सनातनी पंथांत अजून मिटलेला नाही.

मग मराठीत काय लिहावे? माझे मत: ‘रब्बी’च ठेवावे. कंसात अर्थ द्यायचाच तर ‘धर्मशास्त्री’. नुसते ‘शास्त्री’ जवळचे आहे, पण त्याला आपल्याकडे जातीचा वास येतो. ‘धर्मगुरू’ चालेल, मात्र त्यात आणि पाद्र्यात फरक राहत नाही. इंग्रजी उच्चारावरून ‘रबाय’ किंवा ‘रॅबाय’ लिहितात ते टाळावे. मराठी बायबलातही ‘रब्बी’च आहे, आणि योहानाच्या शुभवर्तमानात तर शब्दापाठोपाठ त्याचा अर्थ ‘गुरू’ असा देऊन ठेवला आहे. आदरापोटी ‘रब्बीजी’ लिहिण्याचीही गरज नाही, आदर शब्दातच आहे.